बेल कशाला, मी आहे ना!

दवाखान्यात आजारी माणूस एक असतो आणि त्याच्या खाटेभोवती न शिकलेले डॉक्टर चार असतात, हे तुम्हीआम्ही सगळ्यांनीच पाहिलं आहे. कुणी सलाइनची गती वाढवायला सांगतो, कुणी पंखा बंद करतो, कुणी ‘काही होत नाही, ऊठ जरा’ म्हणून पेशंटला हात देतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. माया असते. पण या मायेच्या आड कधीकधी दुसरंच काहीतरी दबा धरून बसलेलं असतं. मुकादमांच्या बाबतीत तसंच झालं, आणि हाड मोडलं ते त्यांच्या बायकोचं.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. घरसामान हलवणाऱ्या हमालांच्या टोळीचे ते जन्मभर मुकादम होते. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, लोखंडी तिजोऱ्या, सगळं त्यांनी अरुंद जिन्यांवरून खरचटूही न देता खाली उतरवलं होतं. काम सुटून बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना ‘आमचे मुकादम’ म्हणायची. मग तिला सगळे मुकादमीणबाई म्हणू लागले.

मुकादमीणबाईंचा खुबा झिजत गेला तसतसा मुकादमांचा उत्साह वाढत गेला. बाजारहाट ते करणार, माळ्यावरचं सामान ते काढणार. बस थांबली की ते बायकोला काखेत हात घालून अलगद उचलणार आणि वरच्या पायरीवर ठेवणार, फुलदाणी ठेवावी तसं. “मी असताना तू कशाला पाय झिजवतेस?” हे त्यांचं पालुपद. बाई चालायच्या ते हळूहळू स्वयंपाकघरापुरतं उरलं. शेवटी डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला आणि तो बदललाही.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकवून एक सडपातळ पोरगा आत आला. बाईंना चालतं करायचं काम त्याचं. वॉर्डात त्याला फिजिओ म्हणत. मुकादमांनी मनातल्या मनात त्याचं नाव व्यायामवाला ठेवलं.

“काय काकू, कुठे जायचं फिरायला?” त्याने हसत विचारलं.

“खिडकीपर्यंत ने बाबा. इथे आल्यापासून आकाश बघितलं नाही.”

पोराने एक रुंद पट्टा काढला आणि बाईंच्या कमरेला बांधला! मुकादमांच्या देखत! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते काही बोलणार, तोच पोरगा म्हणाला, “आजोबा, जरा बाजूला सरकता का?”

ती काकू आणि हे आजोबा! काकूचा नवरा काका असतो, एवढंही या दीडशहाण्याला कुणी शिकवलं नसावं.

आधी खाटेच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचे, चक्कर येते का बघायचं, मग वॉकर धरून उठायचं. पोरगा पट्टा मागून धरून बरोबरीने चालत होता. उचलत नव्हता, ओढत नव्हता, नुसता धरून होता. आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याच्या आईने एकदा चुकून साखरेऐवजी मीठ घालून पाहुण्यांना चहा दिला आणि पाहुण्यांनी भिडेखातर तो सगळा पिऊन वर छान झाला म्हणून सांगितलं, असलं काहीतरी तो सांगत होता. मुकादमीणबाई खळखळून हसल्या. भरल्या वॉर्डात, तोंडाला पदरही न लावता! इतकं काय हसण्यासारखं होतं त्यात? मुकादमांना आठवून आठवून सापडेना, आपल्या बोलण्यावर ही शेवटची कधी हसली होती. फिरायला चल म्हटलं की हिचे पाय दुखायचे. आता मात्र स्वारी खिडकीपर्यंत जाऊन, बाहेरचं झाड बघून, वर ‘उद्या आणखी लांब’ असं सांगून परत आली.

“चांगला आहे हो पोरगा,” खाटेवर टेकल्यावर त्या म्हणाल्या.

“हं,” मुकादम म्हणाले. जेवणाच्या डब्याला त्या दिवशी त्यांनी हातही लावला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या वयात हेवा? आणि तोही नातवासारख्या पोराचा? पण हेव्याला वय कळत नाही. तो एकदा आत शिरला की माणसाला जळायला कसलंही निमित्त पुरतं. मुकादमांना आधी पोरगा खुपला, मग पट्टा, आणि मग बेल.

ही बेल म्हणजे खाटेला लांब वायरने जोडलेलं एक बटण होतं. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी ते बाईंच्या उजव्या हाताशी ठेवलं होतं. त्या केस पिकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. “उठायचं झालं की बेल. एकटीने उठायचं नाही. आजोबा बसलेले असले तरी बेल,” असं त्यांनी दोघांनाही बजावलं होतं.

असले तरी! हे ‘तरी’ मुकादमांना काट्यासारखं सलत होतं. म्हणजे आम्ही इथे कोण? शोभेची वस्तू? आणि बायको एरवी त्यांचं ऐकायची, पण याबाबतीत सिस्टरांचा शब्दन् शब्द पाळायची. बाथरूमला जायचं झालं की बटण दाबायची. मुकादम बाह्या सरसावून पुढे झाले की म्हणायची, “तुम्ही नका हो. ते लोक शिकलेले आहेत.” मग कुणीतरी सिस्टर यायची, पट्टा बांधायची, ‘चला काकू’ म्हणायची. कधी तो व्यायामवालाच हजर व्हायचा. एका बटणासरशी धावत येणारी ही सगळी माणसं, आणि जन्मभर न बोलावता धावलेला नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीत!

त्या दुपारी जेवणं झाली आणि मुकादमांनी उठून बेलची वायर गुंडाळली. खाटेमागच्या भिंतीत सलाइनची बाटली अडकवायचा आकडा होता, त्याला ती नीट टांगली.

“अहो, हे काय? राहू द्या की हाताशी.”

“बेल कशाला, मी आहे ना!”

“अहो पण...”

“पण काय? माझ्या हातात जोर नाही राहिला? अख्ख्या गावाच्या तिजोऱ्या उतरवल्यात मी. तू काय तिजोरीपेक्षा जड आहेस?”

एवढ्या वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा आणि कुठे गप्प बसायचं हे बाईंना पक्कं ठाऊक झालं होतं. त्या गप्प बसल्या. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला.

आता मुकादमांनी तिथेच बसून राहायला हवं होतं की नाही? ‘मी आहे ना’ म्हणणाऱ्याने निदान असावं तरी! पण जळणाऱ्या माणसाला एका जागी बसवत नाही. सकाळी पोराने बाईंना पार बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत चालवत नेलं होतं आणि परतताना ‘काकू, तुम्ही माझ्या पहिल्या नंबरच्या पेशंट’ असं म्हटलं होतं. ते वाक्य मुकादमांच्या डोक्यातून जाईना. बायको झोपलेली पाहून ते तडक खाली गेले. व्यायामवाला बदलून मागायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

खाली चौकशीच्या खिडकीशी रांग होती. मुकादमांचा नंबर लागायला वेळ लागला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “काय तक्रार आहे?”

“तो तुमचा व्यायामवाला.”

“काय केलं त्याने?”

मुकादमांनी घसा खाकरला. रांगेत उभं राहून त्यांनी पुष्कळ जुळवलं होतं, पण ऐन वेळी तोंडातून जे खरं होतं तेच निसटलं. “तो फार हसवतो.”

“हसवतो?”

“म्हणजे... टाके ताजे आहेत. हसून हसून उसवले म्हणजे?”

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुकादम लालबुंद झाले. “आणखी काही?” खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं. आणखी काही नव्हतं. पायातल्या वहाणा घासत ते जिना चढून वर आले.

वॉर्डाच्या दारातूनच त्यांना बायकोच्या खाटेभोवती गर्दी दिसली.

मुकादमीणबाई खाटेशेजारी फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. चेहरा पांढराफटक, डावा हात अंगाखाली. व्यायामवाला गुडघे टेकून त्यांच्या डोक्याला आधार देत होता आणि एक सिस्टर नाडी बघत होती.

“व्हा बाजूला!” मुकादम गरजले आणि बायकोला उचलायला झेपावले.

“हात लावू नका!” पोरगा ओरडला. इतका मोठा आवाज त्याच्याकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. “आजोबा, आत्ता उचलायचं नाही. डॉक्टरांना बघू द्या, नवा सांधा आहे. हलवला तर निसटेल.”

मुकादमांचे हात हवेतच राहिले. ज्या हातांवर जन्मभर मान ताठ ठेवली, त्यांना त्या घटकेला काहीच काम नव्हतं.

हाडांचे फोटो काढले. सांधा जागेवर होता, पण डावं मनगट मोडलं होतं. हाताला प्लास्टर घालून बाईंना पुन्हा खाटेवर आणेपर्यंत त्यांची लेक कामावरून धावतपळत येऊन पोहोचली. आईचा हात बघून तिचा तोल गेला.

“तुम्ही लोक करत काय असता इथे? चांगली चालायला लागलेली माझी आई पडतेच कशी? आणि हा, हा मुलगा रोज तिला लांब लांब चालवतो! दमवलं असेल त्यानेच!”

सगळ्यांचे डोळे पोराकडे वळले. त्याची मान खाली गेली. “सकाळी जरा जास्तच चालवलं खरं,” तो पुटपुटला. “माझं चुकलं असेल.”

मुकादमांच्या मनात काय आलं ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना आनंद झाला! सुंठीवाचून खोकला जात होता. आता पोरगा बदलणार, पट्टा जाणार, हसणं बंद होणार. बायको समोर कण्हत पडली आहे आणि आपल्याला आनंद होतो आहे, हे पुढच्याच क्षणी त्यांचं त्यांनाच कळलं.

मोठ्या सिस्टर खाटेजवळ आल्या. “काकू, बेल का नाही वाजवलीत?”

“विसरले हो,” मुकादमीणबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. “बाथरूमची घाई झाली. माझीच चूक.”

पोरगा न केलेलं स्वतःवर घेत होता, बायको खोटं बोलून नवऱ्याला वाचवत होती, आणि ज्याने सगळं केलं तो भिंतीला टेकून उभा होता! मुकादमांना ते सोसवेना.

“ती विसरली नाही!” ते एकदम म्हणाले. “बेल मी काढून ठेवली. ती बघा, तिथे टांगली आहे. मी!”

लेकीने वडिलांकडे बघितलं. “बाबा? का पण?”

“मी आहे ना, म्हटलं.”

“आणि तुम्ही होतात कुठे?” मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

“खाली. ह्याची तक्रार करायला.”

पोराने चमकून वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते मुकादमांना रागापेक्षा जास्त लागलं.

मोठ्या सिस्टरांनी खुर्ची ओढली, मुकादमांना बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. “तुम्ही मुकादम ना? मग मला सांगा, तिजोरी जिन्यावरून उतरवताना कुणी गडी म्हणाला, बाकीच्यांनी व्हा बाजूला, मी एकटा आहे ना, तर काय करायचात?”

“घरी पाठवायचो. स्वतः मरेल आणि दुसऱ्यालाही मारेल.”

“आणि कुणाचा हात सुटायला लागला, तर?”

“तर त्याने हाक द्यायची. हाकेवरच सगळं चालतं. हाक आली की जो तो जागच्या जागी थांबतो.”

“हाक दिली म्हणून त्याला कुणी हसायचं?”

“हसेल कशाला? न देणारा गाढव.”

“मग काकूंनी हाक कशाने द्यायची होती?”

मुकादमांची नजर आकड्याला टांगलेल्या वायरीवर गेली.

“ऐका. इतकी वर्षं मी पडलेली माणसं उचलते आहे,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “पेशंट काही धावताना पडत नाहीत. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला कशाला त्रास, म्हणून एकटे उठतात आणि पडतात. घरी ज्या वाटेने डोळे मिटून जायचे तशीच इथलीही वाट, असं त्यांना वाटतं. पण इथे औषधांनी डोकं हलकं झालेलं असतं, पायात जोर नसतो, फरशी अनोळखी असते. त्यातून माणूस मोठ्या मुश्किलीने हाक मारायला शिकतो. ती हाक तुम्ही उचलून आकड्याला टांगलीत. आणि काकू म्हणजे तिजोरी नव्हेत. तिजोरीला उचलून नेलं तरी चालतं. माणसाला सारखं उचललं की त्याचे पाय चालायचं विसरतात.”

“सिस्टर...” मुकादम म्हणाले.

सिस्टर जरा वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “पोटात दुखत होतं ना? दुखू दे. नवऱ्याच्या पोटात दुखणार नाही तर कुणाच्या? पण त्याचा राग काकूंच्या हाडांवर कशाला काढायचा?”

लेकीने पोराची माफी मागितली. मुकादमांनीही मागितली, पण ती तोंडातल्या तोंडात. पोरगा म्हणाला, “असू दे आजोबा. चला, आता काकूंना पुन्हा उभं करायचंय.”

हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे वॉकर धरणं आता जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे पट्टा धरायला कायम एक माणूस हवा, घरी गेल्यावरसुद्धा. दुसऱ्या दिवशी पोराने पट्टा बांधला आणि मोठ्या मनाने त्याची मूठ मुकादमांपुढे केली. “आजोबा, धरता? मी दाखवतो कसं ते.”

मुकादमांचा चेहरा उजळला. ते पुढे झाले.

“नको,” मुकादमीणबाई म्हणाल्या. “तूच धर बाळा. ह्यांना राहू दे.”

“राग आला माझा?” मुकादमांनी विचारलं.

“राग नाही हो.” बाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाल्या, “भीती वाटते. तुम्ही धरलं की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. आणि काल मला घाई झाली तेव्हा हाक कुणाला मारू तेच कळेना. तुम्हाला मारावी, तर तुम्ही नव्हता. ओरडून त्यांना मारावी, तर तुम्ही रुसला असता. म्हटलं, त्यापेक्षा आपणच उठावं.”

ज्या जागेसाठी मुकादम इतके दिवस जळत होते ती जागा आपल्याच हाताने कायमची गमावली की काय, असं त्यांना वाटलं. ते व्हरांड्यात गेले आणि कठड्याला धरून रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि थेट पोरासमोर जाऊन उभे राहिले. “मला शिकव. ती हो म्हणेपर्यंत मी तिला हात लावणार नाही. पण शिकव.”

“शिकवतो. पण सरावाला पेशंट कुठून आणायचा?” पोराने क्षणभर विचार केला आणि पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधला. “समजा, मी काकू.”

मग काय विचारता! व्हरांड्यात तो पोरगा कमरेत वाकून, एक हात छातीशी धरून, ‘अगं आई गं’ करत चालायला लागला आणि मागे पट्टा धरून मुकादम. जन्मभराची सवय, हात आपोआप वर जात. “आजोबा, उचलू नका! माझे पाय सुटले!” पोरगा हवेतून ओरडला. “मी चालतोय, तुम्ही नाही. नुसते बरोबर राहा. आणि न विचारता ओढू नका, आधी म्हणा, ‘काकू, उठूया का?’”

“मी तिला काकू म्हणू?” मुकादम कडाडले. “आणि तू मला आजोबा म्हणतोस ते आधी बंद कर! काकूचा नवरा काका असतो!”

वॉर्डातले पेशंट हसू लागले. आतल्या खाटेवरून एक हसणं सगळ्यांच्या वर ऐकू आलं. मुकादमांनी वळून बघितलं. प्लास्टरचा हात पोटाशी धरून मुकादमीणबाई हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मुकादम शिकत राहिले. पोरगा बाईंना चालवायचा तेव्हा ते हात मागे बांधून बाजूने चालायचे आणि बघायचे. बाईंनी बेल दाबली की दातओठ न खाता पाय जमिनीवर टेकलेत का, चपला घट्ट आहेत का, फरशीवर पाणी सांडलंय का, एवढं बघून बाजूला व्हायचे. जळफळाट एका रात्रीत जातो थोडाच? पोरगा काही गमतीचं बोलला की अजूनही कुठेतरी चुरचुरायचं. पण आता त्यांनी ते चुरचुरणं आपल्यापाशीच ठेवायला घेतलं होतं.

घरी जायच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंना जाग आली. त्यांनी बेल दाबली. मोठ्या सिस्टर स्वतःच आल्या आणि पट्टा बांधू लागल्या. मुकादम सवयीने खुर्ची मागे सरकवून बाजूला झाले.

“सिस्टर,” बाई म्हणाल्या, “आज तुम्ही नुसत्या जवळ उभ्या राहा.” मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “अहो, येता का जरा? धरा मला.”

मुकादम आले. त्यांनी आधी फरशीवर पाणी नाही ना ते बघितलं. “आधी बस. पाय सोड खाली. चक्कर?”

“नाही.”

“उठायचं?”

“उठायचं.”

ती उठली, स्वतःच्या पायांवर. मुकादमांनी नुसतं धरलं. बाथरूमपर्यंतची ती एवढीशी वाट, पण आयुष्यात इतकं हलकं आणि इतकं जोखमीचं काही त्यांच्या हाती कधी आलं नव्हतं. बायको एकेक पाऊल टाकत होती आणि ते तिच्या चालीने चालत होते.

मित्रहो, आपल्या घरातलं माणूस दवाखान्यात असतं तेव्हा आपल्याला वाटतं, त्याने फक्त आपल्यालाच हाक मारावी. ही माया आहे, यात शंका नाही, पण तिच्यात मीपणाही आहे. दवाखान्यात पडणं ही साधी गोष्ट नसते. एका पडण्याने बरा होत आलेला माणूस पुन्हा अंथरुणाला खिळतो, कधीकधी उठतच नाही. आणि बहुतेकदा ते टाळता येतं, आजाऱ्याला संकोच न वाटता हाक मारता आली तर. तेव्हा कुणाच्या उशाशी बसाल तेव्हा आधी बघा, बेल त्यांच्या हाताशी आहे का. आणि त्यांनी ती वाजवली, तर रुसू नका.